देणारीची सही

पुणे
१२ ऑगस्ट २०२५

मामा,

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन करता येत नाही, आणि मेसेज केला तर तुम्ही उत्तरादाखल उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवता. परवा मी अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्यात तीन प्रश्न होते. अंगठा आला. म्हणून आता टपाल. उत्तरही टपालानेच द्या आणि शब्दांत द्या.

प्रश्न एका अर्जाचा आहे. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, मढच्या उपकेंद्रात गरोदर बायकांचं शिबिर झालं होतं. आमच्या संस्थेला बाळंतपणानंतरची वार आणि नाळ संशोधनासाठी हवी होती. अर्जातलं मराठी कुणाला कळत नाही, आणि तुम्ही तिथल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलंत, निवृत्त होऊनही आपल्या गावी, निमगाव सावाला, परत न जाता तिथेच राहिलात, लोक तुमचं ऐकतात, म्हणून मी तुम्हाला बसवलं. प्रत्येकीला समजावून सांगायचं आणि जी हो म्हणेल तिची सही घ्यायची, एवढं काम होतं. तुम्ही चौदा अर्ज पाठवलेत. मी आभार मानले होते.

मागच्या आठवड्यात आमच्या एथिक्स कमिटीने सगळे अर्ज काढून पाहिले. माणसांच्या शरीरातून घेतलेल्या वस्तूंवर काम रीतसर चाललंय की नाही, हे पाहणारी ही समिती. सातवा अर्ज रत्नाचा, वय तेवीस, वरची वाडी. "देणारीची सही" या चौकटीत अंगठा आहे. शेजारी तुमच्या अक्षरात "निशाणी अंगठा, अंबाबाई".

अंबाबाई कोण?

अंगठा रत्नाचाच असेल आणि नाव लिहिताना तुमचा हात चुकला असेल, तर तसं दोन ओळींत लिहून सही करून पाठवा. तेवढ्याने भागेल. नाहीतर या नमुन्यावरचं काम आतापासून बंद, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रीतसर संमती मिळाली नाही तर कायमचं बंद.

आई घोडेगावहून विचारते की मामा गोळ्या घेतात का. तेही लिहा.

हर्षाली


मढ
१९ ऑगस्ट

हर्षाली,

अंगठा अंबाबाईचा आहे, म्हणून अंबाबाईचं नाव लिहिलं. मी आजवर कुणाच्या अंगठ्याशेजारी दुसऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. तुझ्या समितीच्या सोयीसाठी आता लिहिणार नाही. तू मला असं सुचवावंस याचं नवल वाटलं.

अंबाबाई ही रत्नाची सासू. त्या दिवशी रत्ना आत, वजनाच्या रांगेत होती. अंबाबाई माझ्यासमोर बाकावर बसली होती. अर्ज वारेचा. इथल्या घरांत वार सासूच्या हातात येते. खड्डा ती खणते, वर दगड ती ठेवते, कुठे पुरली ते कुणाला सांगत नाही. बाळंतीण तेव्हा अंथरुणावरून उठतही नाही. मग वारेचं विचारायचं कुणाला? जिच्या हातची होती तिला विचारलं. सासूला डावलून सुनेला विचारलं असतं, तर ते पाहून चौदांतला एकही अर्ज मिळाला नसता. तू दहा मागितले होतेस.

तुमचा अर्ज चार पानांचा. त्यात "उपरोक्त जैविक नमुना अनिर्बंध कालावधीकरिता" असं आहे. मी मराठीचा शिक्षक. मला ते तीनदा वाचावं लागलं. शेवटी पाच चौकटी, प्रत्येकीत हो किंवा नाही. मी सगळीकडे हो केलं. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाची जन्मतारीख मी एक जून लिहिली आहे. कुणाचं काही अडलं नाही. अर्ज पुढे जायला हवा असेल तर रिकामी जागा ठेवायची नाही, हे मला नोकरीने शिकवलं.

आता दोन वर्षांनी तुम्हाला रत्नाची आठवण झाली. तिचं ते बाळ एकोणीस दिवसांचं होऊन गेलं. पौषात. न्यूमोनिया म्हणाले. हे तुला ठाऊक असेलच, तुमच्याकडे सगळ्याची नोंद असते.

गोळ्या घेतो.

सोपानमामा


पुणे
२६ ऑगस्ट

मामा,

ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे नाव येत नाही, नंबर येतो. मुद्दामच, म्हणजे कुणाची ओळख उघड होऊ नये. अर्ज वेगळ्या कपाटात असतात. मी दोन वर्षं एमडी-सात म्हणते आहे. एमडी म्हणजे मढ. त्या बाळाचं काय झालं हे विचारायची कुणालाच मुभा नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंही नाही.

आता नीट वाचा, कारण हे तुम्हाला रत्नाला सांगायचं आहे. नाळेच्या एका तुकड्यातून आम्ही पेशी काढल्या. त्या नाळेच्या पेशी. त्यांना आम्ही मागे नेलं, म्हणजे अशा अवस्थेला की तिथून त्या शरीराचा कुठलाही भाग होऊ शकतात. हाड, नस, काळीज, काहीही. त्यांना मूळपेशी म्हणतात. खाऊपिऊ घातलं की त्या वाढत राहतात, थांबत नाहीत. चौदा अर्जांतून नऊ नमुने आले, तीन जगले, आणि त्यांतला हा एकच असा की त्याच्यापासून हृदयाच्या पेशी नीट तयार झाल्या. काही औषधं काही माणसांच्या हृदयाला अपाय करतात आणि कुणाच्या करतील ते आधी कळत नाही. ती औषधं या पेशींवर तपासता येतात. जगात अशा ज्या पेशी आहेत त्या बहुतेक परदेशी माणसांच्या. आपल्या डोंगरातल्या माणसाच्या आमच्याकडे ह्या एवढ्याच. माझं दोन वर्षांचं काम यांच्यावर उभं आहे. माझं एकटीचं नाही, पाच जणांचं.

बाळाचं ऐकून वाईट वाटलं. पण हे बाळ नाही, मामा. हे तिला सांगताना शब्द सांभाळा.

नवा अर्ज सोबत आहे. या वेळी मी तो स्वतः लिहिला आहे. दोन पानं, सोपं मराठी. रत्नाला वाचून दाखवा. तिलाच. हो की नाही ते तिने ठरवायचं. तुम्ही पेनाला हात लावू नका.

हर्षाली


मढ
८ सप्टेंबर

हर्षाली,

काल रविवारी वरच्या वाडीला जाऊन आलो. रस्ता ओढ्यापर्यंत आहे, पुढे चाल. माझं वय सदुसष्ट आहे, हे तुझ्या समितीला कळव.

सार्थक, रत्नाचा नवरा, घरी होता. तो घोडेगावला गवंड्याच्या हाताखाली असतो, सुट्टीला आला होता. अंबाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिचा नवरा जानकू खाटेवर पडून होता. मला पाहून म्हणाला, "या गुर्जी. आता म्हाताऱ्यांची बी शाळा काडली का?"

मला ऐकू येत नाही म्हणून अंबाबाई ओरडून बोलते, त्यामुळे सगळी वाडी ऐकते. मी सांगितलं की ती वार पुण्याला गेली, तिच्यातून पेशी काढल्या आणि त्या अजून वाढताहेत.

"वाडत्यात म्हंजी?"

मी भाताच्या रोपाचं उदाहरण दिलं. मूठभर रोप दुसऱ्या खाचरात लावलं की पसरतं, तसं.

"म्हंजी जित्ती हाय?"

"पेशी जिवंत आहेत. बाळ नाही."

"प्वार न्हाई आन् त्याची वार जित्ती. ह्ये काय शिकवताय गुर्जी?"

जानकू म्हणाला, "आपल्या सार्थकला बी ह्यांनी असंच शिकीवलं. म्हून इटा उचलतोय."

अंबाबाईने सूप खाली ठेवलं. "म्या दिली न्हवती. तपासाया दिली व्हती. तुमीच म्हनला, पुन्याला तपासत्यात. तपासल्यालं परत येतं का न्हाई? रगत तपासलं तरी कागूद येतो."

हे खरं आहे. मी तपासतात असंच म्हटलं होतं. संशोधन या शब्दाला मला तिथे दुसरा शब्द सुचला नाही. आजही सुचत नाही. तुला सुचला तर कळव.

तिचं म्हणणं एकच. वार मातीत गेली नाही म्हणून नातू गेला. ती आणून द्यावी. "खड्डा म्या खनते. तुमी निस्ती आनून द्या." मी म्हटलं, मूळ तुकडा आता उरलेला नाही. ती म्हणाली, "वाडती म्हनताय आन् उरली न्हाई म्हनताय. येक काय त्ये ठरवा." याचं उत्तर तुला येत असेल तर तेही कळव.

रत्ना दारात उभी होती. चहा तिनेच दिला. अर्ज मी सार्थककडे दिला. तो म्हणाला, आई म्हणंल तसं.

आता माझा प्रश्न. अर्जावर वय तेवीस लिहिलेलं होतं, सासूचं नाव लिहिलेलं होतं, अक्षर माझं, स्वच्छ. तो अर्ज तुझ्या संस्थेत दोन वर्षं आहे. समितीला तो मागच्या महिन्यात दिसला. तुला कधी दिसला?

सोपानमामा


पुणे
१५ सप्टेंबर

मामा,

तुम्ही दोन पानं लिहिलीत. रस्ता लिहिलात, जानकूबाबांचे टोमणे लिहिलेत. रत्नाने चहा दिला, एवढं लिहिलंत. तिला विचारलं का? मी "तिलाच" असं लिहून त्याखाली रेघ मारली असती तर बरं झालं असतं. तुम्ही ओढा ओलांडून, एवढी चढण चढून गेलात आणि पुन्हा सासूशी बोलून आलात. अर्ज पुन्हा तिसऱ्याच्या हातात दिलात. मला हे कसं समजावं तेच कळत नाही. तुम्ही मुद्दाम करत नाही हे मला माहीत आहे, आणि त्यानेच जास्त संताप होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अर्जांचा गठ्ठा आला तेव्हा मी तो मोजला, वाचला नाही.

हे खोटं आहे. पुन्हा लिहिते.

आला त्या दिवशीच मी अंगठा पाहिला. वाटलं, तिकडची बाई, सही येत नसेल. शेजारचं नाव वाचलं नाही. ते पुढच्या मार्चमध्ये वाचलं, नमुन्यांची यादी करताना. तोवर पेशी वाढायला लागल्या होत्या. सकाळी पहिली बाटली कोण पाहणार यावरून आमच्यात भांडणं व्हायची. मी विचार केला, घरातलंच कुणीतरी असेल, घराची संमती म्हणजे संमतीच. अर्ज गठ्ठ्यात परत ठेवला. कुणाला बोलले नाही. समितीलाही अजून सांगितलेलं नाही.

आणि मुळात ते समजावून सांगायचं काम माझं होतं. मढला यायचं, दिवसभर बसायचं, ते मला नको होतं. म्हणून तुम्हाला बसवलं.

आता तरी तिला विचारा.

हर्षाली


मढ
२२ सप्टेंबर

हर्षाली,

रत्नाला सही येते. मीच शिकवली. पाचवी ते दहावी ती माझ्या वर्गात होती. दहावीला अडुसष्ट टक्के. मराठीत ब्याऐंशी. त्या वर्षी शाळेत तिच्याहून जास्त फक्त दोघांना होते. शिबिरात मी तिच्या सासूचा अंगठा शाईत बुडवला तेव्हा ती पलीकडच्या खोलीत होती. मधे पडदा होता. मला तिला हाक मारता आली असती.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

शनिवारी परत गेलो. अंबाबाई बाजाराला गेली होती. मी न विचारताच रत्नाने फळीवरून अर्ज काढला. दोन्ही पानं तिने आधीच वाचली होती. त्या दिवशी दारातून तिने सगळं ऐकलं होतं; वाडीनेच ऐकलं तर तिने का नाही? तिने पाचवी चौकट दाखवली. "पेशी प्राण्यांत टोचण्यास माझी हरकत नाही."

"गुरुजी, हे जुन्या अर्जात होतं?"

"होतं."

"तिथं काय लिहिलंत?"

"हो लिहिलं."

"वाचून लिहिलंत का तसंच?"

मी म्हटलं, तसंच. मला कमी ऐकू येतं म्हणून मी दोनदा विचारलं, काय म्हणालीस. ती म्हणाली, "काय न्हाई म्हनले, गुरुजी."

तिला पुण्याला येऊन पाहायचं आहे. मंगळवारी, ३० तारखेला, सार्थक आणि ती पहिल्या एसटीने निघतील. अंबाबाईला दवाखान्याचं काम आहे असं सांगणार आहेत. एसटी स्टँडवर स्वतः घ्यायला जा. कुणाला पाठवू नकोस.

समितीला सांग. मार्चचं.

सोपानमामा


पुणे
३ ऑक्टोबर

मामा,

समितीला सांगितलं. लेखी. त्याचं काय व्हायचं ते होईल.

दोघं आली होती. मी स्वतः गेले होते. रत्ना अर्जातल्या वयाहून लहान दिसते. चपला बाहेर काढा म्हणायच्या आधीच काढल्या होत्या. आम्ही वरून निळे पायमोजे देतो, ते सार्थकला घालता येईनात. तो म्हणाला, "ह्याच्यात पाय घालायचा का डोकं?" तेवढाच एकदा ती हसली.

मी क्रमाने दाखवलं. पेशी ठेवायची पेटी, तिच्यात सदतीस अंश. तिने विचारलं, गरम का. म्हटलं, अंगाएवढी ऊब लागते. मग विचारलं, खायला कोण घालतं. म्हटलं, मी. रविवारीसुद्धा. ती म्हणाली, "रविवारी सुद्दा." बाकीच्या कुप्या अतिथंड टाकीत असतात, झाकण उघडलं की वाफ येते. एकूण किती, तिने विचारलं. एकशे बारा. तिने तो आकडा सार्थकला परत सांगितला.

मग सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या पेशी दाखवल्या. ते दाखवायचं असं आमच्या प्रमुखांनी सुचवलं होतं. मला आधी नको वाटत होतं, मग वाटलं, सगळं दाखवायचं तर सगळं. त्या पेशी एकत्र आल्या की आपोआप आकसतात आणि सैल होतात. म्हणजे ठोके पडतात. दाण्याच्या टोकाएवढा ठिपका, पण काचेतून स्वच्छ दिसतो. मिनिटाला चाळीसेक. ती बराच वेळ पाहत होती. मग डोळा न काढता म्हणाली, "हे कदी थांबतं?"

मी म्हटलं, "आम्ही थांबवलं की."

सार्थकने पाहिलं नाही. दाराशी उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मॅडम, ह्ये बाळ न्हाई म्हनता. मग सही कशाला पायजे?" मी म्हटलं, कारण ते तुमचं आहे.

उंदरांचंही तिने विचारलं. मी खरं सांगितलं. मागच्या वर्षी चार उंदरांत टोचल्या, त्या खरंच मूळपेशी आहेत की नाही ते तपासायला. उंदीर नंतर मारले. "पुरले?" नाही, जाळतात.

मी तिच्यावर जोर केला नाही. एवढं मात्र सांगितलं की काम बंद झालं तर काही औषधं तपासायची राहतील आणि त्याने कुणाचं तरी नुकसान होऊ शकतं. ते खरं आहे म्हणून सांगितलं. मग म्हटलं, वेळ घ्या. घाई नाही. घाई आहे, पण तसं म्हटलं.

निघताना तिने माझ्याकडून पाण्याची बाटली भरून घेतली, घरच्या माणसाकडून घ्यावी तशी. आणि पेटीच्या काचेवर क्षणभर हात ठेवला. मामा, मला वाटतं ती सही करेल. तसं झालं तर ती सगळं समजून करेल, पहिल्यांदाच कुणीतरी समजून. मला तेवढं तरी बरं वाटेल.

हर्षाली


मढ
९ ऑक्टोबर

हर्षाली,

तू तिला ठोके दाखवायला नको होतेस.

मी तिच्याकडून हो लिहून घेतलं नाही, तिच्या सासूकडून घेतलं. तू तिच्याकडूनच घ्यायचं ठरवलंस, पण आधी तिला त्या काचेपाशी नेलंस. एकोणीस दिवसांचं मूल गेलेल्या बाईला. तुमच्या प्रमुखांना हे सुचलं हे समजू शकतं. तू आपल्या निमगाव सावाच्या घरात वाढलेली मुलगी आहेस.

तिने पेटीवर हात ठेवला त्याचा तू अर्थ लावलास. बाटली भरून घेतली त्याचा लावलास. मी चाळीस वर्षं या लोकांत आहे आणि मला त्यांचा अर्थ लावता आला नाही, हे आता कागदोपत्री सिद्ध झालं आहे. तूही लावू नकोस.

ती परवा रस्त्यात भेटली. मी विचारलं, काय ठरवलंस. म्हणाली, "गुरुजी, मी लिवते. तुमी नका लिवू."

म्हणून या विषयावर हे माझं शेवटचं पत्र.

सोपानमामा


वरची वाडी, मढ
२६ ऑक्टोबर २०२५

हर्षाली मॅडम,

तुम्ही वेळ घ्या म्हणालात. मी घेतला. दिवाळी झाली, भात कापायला आला, अजून थांबले तर तुमची तारीख जाईल, म्हणून आज लिहिते.

माझं उत्तर नाही असं आहे. अर्ज सोबत आहे. पाचही चौकटींत मी माझ्या हाताने नाही लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. साक्षीदाराची जागा रिकामी ठेवली आहे. चालत नसेल तर कळवा, पण कुणाला आणणार नाही.

तुम्ही चांगलं दाखवलंत. उंदराचं लपवलं नाहीत. पाणी दिलंत. तुमचा राग मला नाही, असं लिहिणार होते. पण थोडा आहे.

ते बाळ नाही, हे मला कळतं. मी दहावीपर्यंत विज्ञान शिकले आहे. पण आमच्या ह्यांनी सही कशाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ते तुमचं आहे म्हणून. घरी येऊन मी त्याचाच विचार केला. माझं आहे, तर दोन वर्षं ते कुठे आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला, गुरुजींना, त्या उंदरांना सुद्धा.

बाळ गेल्यापासून सासूबाई म्हणतात की वार मातीत गेली नाही म्हणून गेलं. माझ्या तोंडावर म्हणतात. तू दवाखान्यातून मागून घेतली नाहीस, तुला शुद्ध नव्हती का, असं म्हणतात. शुद्ध होती. मी नर्सबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या घरून लिहून दिलंय. कोणी दिलं ते मी घरी विचारलं नाही, वाटलं ह्यांनी दिलं असेल, त्यांना वाईट वाटेल. अंगठा सासूबाईंचा होता, हे मला गुरुजी अर्ज घेऊन आले त्या रविवारी दारात उभी असताना कळलं. सासूबाईंनाही तेव्हाच कळलं असेल की तोच तो कागद. तेव्हापासून त्या मला काही बोलत नाहीत. जेवायला आधी मला वाढतात.

ठोके दाखवायला नको होते असं गुरुजी म्हणतात. मला वाटतं, दाखवलेत ते बरं झालं. नाही दाखवले असते तर मी नाही म्हटलं असतं, आणि कशाला नाही म्हटलं ते मला कळलं नसतं. आता कळतंय. ते कधी थांबवायचं हे तुम्ही नाही, मी ठरवायचं.

कुणाचं तरी औषध यामुळे अडेल असं तुम्ही म्हणालात. अडेल. त्याचा मी विचार केला. त्या माणसाचं मला वाईट वाटतं. तरी नाही.

सगळ्या कुप्या नष्ट करा. एकशे बाराच्या एकशे बारा. पेशींची बाटली इकडे पाठवू नका. सासूबाईंना पुरायला पाहिजे, पण त्यात काय असेल ते मी पाहिलंय, ते गुलाबी पाणी आहे. मी त्यांना सांगेन. तुम्ही तिथे जसं करता तसं करा. झालं की तारीख कळवा, पत्राने, माझ्या नावाने. दुसऱ्या कुणाच्या नावाने नको.

आणखी एक. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना आहे. तिची नाळ तुम्हाला पाहिजे असेल तर तुम्ही स्वतः या. शिबिरात बोलावू नका, गुरुजींना पाठवू नका. ओढ्यात आता पाणी कमी आहे, चप्पल भिजत नाही. ती दुपारी गोठ्याचं उरकून मोकळी असते. सासूबाईंना मी तेवढा वेळ खाचरात नेईन. ती बहुतेक नाही म्हणेल. तरी विचारा.

रत्ना